मधली दोन वर्षे

वैशाखाच्या ऐन उन्हात दहावीचा निकाल लागतो आणि आपल्या बडोद्याच्या मराठी घरांतून एक जुनाच प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मुलाला अकरावी-बारावीला घालावे की डिप्लोमाला? यंदा हा प्रश्न आमच्यापुढे आला तो दांडिया बाजारातील एका जुन्या स्नेह्यांच्या घरी, पन्ह्याच्या पेल्याबरोबर. घर तीन पिढ्यांचे. आजोबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, चिरंजीव बँकेत, सूनबाई शिक्षिका. आणि ज्याच्यासाठी ही सभा भरली होती तो नातू एका बाजूस बसून बिघडलेल्या टेबलफॅनचे स्क्रू एका वाटीत गोळा करीत होता. त्याला दहावीस ७४ टक्के गुण मिळाले होते.

"मला आधी डिप्लोमा करायचाय, मग डिग्री," एवढेच तो बोलला.

"डिप्लोमा म्हणजे अर्धं भणतर," आजी म्हणाल्या. (आमच्या बडोदेकर मराठीत गुजरातीचे असे शब्द पिढ्यान्‌पिढ्या घरजावयासारखे राहत आले आहेत. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येते. आम्हांला येत नाही.) "ह्यांच्या वेळी ते ठीक होतं. आता सगळ्यांची मुलं बारावी सायन्स करतात. मार्क कमी पडले म्हणून पाठवला, असंच म्हणणार लोक."

चिरंजीवांची अडचण निराळी होती. बारावीच्या बोर्डाची परीक्षा, गुजसेट, शिवाय अखिल भारतीय प्रवेश परीक्षा, आणि या सर्वांसाठी दोन वर्षांच्या क्लासची फी, असा हिशेब त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर मांडलाच होता. आजोबा काही बोलले नाहीत. ते पंख्याकडे पाहत होते.

आम्हांला मत विचारण्यात आले तेव्हा आम्ही प्रथम वर्षांचा हिशेब सांगितला, कारण पुष्कळ पालकांना अजूनही असे वाटते की, डिप्लोमाच्या वाटेने गेलेला मुलगा मागे पडतो. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार मिळून सहा वर्षे. डिप्लोमाची तीन आणि त्यानंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाल्यास पदवीची तीन, मिळून तीही सहाच. गुजरातेत या वाटेला सर्रास 'डी टू डी' म्हणतात. महाराष्ट्रात 'थेट द्वितीय वर्ष' असे नाव आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनी अशा विद्यार्थ्यांसाठी दुसऱ्या वर्षात मंजूर संख्येच्या १० टक्क्यांपर्यंत वाढीव जागा ठेवल्या, आणि पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही त्यांना मोकळ्या केल्या. साठांच्या वर्गात वाढीव जागा सहाच होतात हे खरे. म्हणून नावाजलेल्या ठिकाणी चढाओढ तीव्र असते. तरीही दार बंद नाही.

आजींच्या 'अर्ध्या भणतरा'ला मात्र आम्ही थोडे विस्ताराने उत्तर दिले, आणि ते देण्यास बडोद्याएवढे योग्य गाव दुसरे नाही. त्यांच्या घरातून चालत जाण्याजोग्या अंतरावर कलाभवन आहे. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते स्थापन केले तेव्हा त्याचे पहिले प्राचार्य झाले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. कारागिराच्या मुलाला तंत्रविद्या त्याच्या स्वतःच्या भाषेतून शिकता आली पाहिजे, हा त्यांचा ध्यास. त्यासाठी त्यांनी परिभाषेची जुळवाजुळव केली, देशी भाषांतून पाठ्यपुस्तके तयार करविली. रंगाई, छपाई, विणकाम, यंत्रकाम, स्थापत्य, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात. मुंबईच्या जे. जे. मधून निघाल्यावर दादासाहेब फाळके शिकले ते या कलाभवनात. पुढे १९०७ साली गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून बडोद्याचा अलेम्बिक कारखाना उभा राहिला. या सर्व काळात कलाभवनाने पदवी अशी दिली नाही. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झाले, त्यात कलाभवन विलीन होऊन तंत्रविद्या व अभियांत्रिकीची विद्याशाखा बनले, आणि पदवी आली ती तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे ज्या संस्थेच्या नावाने बडोद्याची मान ताठ राहिली ती संस्था आजींच्या हिशेबाने 'अर्ध्या भणतरा'चीच होती.

आणि तयारी एकीकडे, पदवी दुसरीकडे, ही रीतही आपल्याला नवी नाही. विद्यापीठ होण्यापूर्वी ज्या बडोदेकर मुलास पदवीधर इंजिनिअर व्हावयाचे असे, तो मुंबई विद्यापीठाशी जोडलेल्या आपल्या बडोदे कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत शिके आणि मग पुण्याच्या १८५४ सालापासून चालत आलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजकडे पाहू लागे. इंटरला गणित घेतले नाही तर पुण्याचे दार लागणार नाही, हे त्याच्या वडिलांना ठाऊक असे. म्हणून पुण्याचा विचार इंटरच्या पहिल्या दिवसापासून होई. बडोद्याच्या विद्यापीठात नंतर प्री-सायन्सचे वर्ष आले. रसायनशास्त्राचे २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळविणारे व्यंकटरामन रामकृष्णन ते वर्ष येथेच शिकले. मग १०+२ ची पद्धत आली आणि ती तयारीची वर्षे शाळेच्या पदरात गेली. अकरावीस 'ए ग्रुप' घेणारा विद्यार्थी आजही एक प्रकारे जुनी इंटर सायन्सच करीत असतो.

इतके सांगून झाल्यावर आजी गप्प झाल्या. पण पटल्याने नव्हे, पन्हे संपल्याने, अशी आमची समजूत आहे. आणि आम्हांलाही स्वतःच्या वक्तृत्वावर फार खूश होता येईना, कारण याच विषयावर पूर्वी एकदा आम्ही असेच छान बोललो होतो, आणि त्याचे फळ आमच्याच घरातील एका मुलाला भोगावे लागले होते. ती हकीकत आम्ही त्या दिवशी सांगितली. येथेही सांगतो.

आमचा एक पुतण्या यंत्र-अभियांत्रिकीचा डिप्लोमा करीत होता. मुलगा हुशार, हाताला चांगले वळण. लेथवर त्याने केलेले काम पाहून कारखान्यातील जुने माणूसही मान डोलावील. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी तो सहज म्हणाला, "काका, यंदा गणित नाहीच." आम्ही म्हटले, "सुटलास! आता इतर विषयांत टक्केवारी वाढव, म्हणजे डिग्रीला चांगल्या जागी नंबर लागेल." हा सल्ला आमचा. त्याने तो अक्षरशः पाळला. शेवटच्या सत्रात त्याचे गुणांक दहापैकी नऊच्या वर गेले, पदवीच्या दुसऱ्या वर्षात मनासारख्या ठिकाणी प्रवेश मिळाला, समाजाच्या गुणगौरव समारंभात नारळ मिळाला, आणि त्याचे छायाचित्र याच मासिकाच्या पानावर छापून आले.

सहा महिन्यांनी पदवीचा पहिला निकाल लागला. यंत्रांचे विषय सुटले होते; गणितात ७० पैकी ११. पुढच्या खेपेसही गणित राहिले. हे आम्हांस कळले ते निकालाने नव्हे. आमच्या वहिनी थंडीचे कपडे पेटीत ठेवताना डांबराच्या गोळ्या शोधू लागल्या, आणि स्वेटरच्या घडीत त्यांना दोन गुणपत्रिका सापडल्या. मग एकेक उलगडत गेले. गेले दोन महिने मुलगा सकाळी डबा घेऊन निघत असे आणि कमाटीबागेत जाऊन बसत असे. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. डबा तेथल्या माळ्यांच्या मुलांबरोबर वाटून खात असे, हेही त्याने सांगितले. जणू तेवढे तरी आपल्या बाजूचे असावे. "डिग्री आपल्यासाठी नाही, काका. मी अर्धाच आहे," तो म्हणाला. हा 'अर्धा' शब्द आम्ही पुन्हा ऐकला तो परवा आजींच्या तोंडून.

त्या मुलात कमी काय होते? बुद्धी कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. जे कमी होते ते आमच्या लक्षात फार उशिरा आले. डिप्लोमाच्या बहुतेक शाखांत गणिताचा स्वतंत्र विषय पहिल्या वर्षातच संपतो. पुढची दोन वर्षे यंत्रे, मोटारी, बांधकाम, मापन, आराखडे यांत जातात. ती वर्षे फार मोलाची असतात, पण त्यांत सूत्रात आकडे घालून उत्तर काढण्यापलीकडे गणित फारसे लागत नाही. बारावीचा मुलगा याच काळात रोज गणित घोटीत असतो आणि पदवीच्या पहिल्या वर्षी त्यावर आणखी दोन सत्रांचे गणित चढवतो. डिप्लोमाचा मुलगा ते पहिले वर्ष वगळून थेट तिसऱ्या सत्रात उतरतो. म्हणजे दोन वर्षांचा गंज, आणि त्यावर एका वर्षाची उडी.

आता तिसऱ्या सत्राच्या आगेमागे समोर काय येते? लाप्लास रूपांतर, फुरिये श्रेणी, आंशिक विकलक समीकरणे. नावे भीतीदायक आहेत, पण नावांनी कोणी नापास होत नाही. लाप्लास रूपांतराची व्याख्याच मुळी एका संकलनाने, म्हणजे इंटिग्रेशनने होते. आणि पुस्तकातील पहिल्या दोन-तीन उदाहरणांतच, मुले ज्याला 'बाय पार्ट्स' म्हणतात, ते खंडशः संकलन हातात असावे लागते. फुरिये श्रेणीचेही तेच. आमच्या पुतण्याने खंडशः संकलन डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी केले होते, त्यात त्याला चांगले गुणही होते. पण त्याला दोन वर्षे लोटली होती. त्यामुळे वर्गात प्राध्यापक नवे सांगत असताना तो जुने आठवीत बसे, आणि जुने आठवेपर्यंत फळा पुसला जाई. गणिताबाहेरही हाच प्रकार. तुळई भाराने किती वाकते याचे सूत्र त्याला डिप्लोमापासून पाठ होते. पदवीच्या वर्गात ते सूत्र दोनदा संकलन करून सिद्ध करून दाखवायचे होते. तुळई ओळखीची, भाषा परकी.

भाषेवरून आठवले. आपल्या मुलांची स्थिती मौजेची आहे. घरी मराठी, शाळेत व गल्लीत गुजराती, आणि पुस्तकात इंग्रजी. डिप्लोमाच्या परीक्षेत गुजरातीचा आधार मिळतो, प्रश्न दोन्ही भाषांत छापलेले असतात. पदवीला तो आधार सुटतो. गज्जरांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जी गाठ सोडवावयास घेतली होती ती अजून पुरती सुटलेली नाही, हे त्यांच्याच गावात बसून लिहिताना वाईट वाटते. असो.

पुतण्याला बाहेर काढले ते शेजारच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंनी. त्यांनी लाप्लासचे पुस्तक बाजूस ठेवले आणि डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचे गणिताचे पुस्तक उघडले. त्याला अपमान वाटला. बाई म्हणाल्या, "जिथून चप्पल सुटली तिथूनच घालायची." सात महिन्यांनी त्याचा विषय सुटला. आज तो वाघोडियाच्या एका कारखान्यात आराखडे विभागात आहे, आणि बारावीच्या वाटेने आलेल्या सहकाऱ्यांपेक्षा त्याचे आराखडे यंत्रावर अधिक सरळ उतरतात असे त्याचे साहेब म्हणतात. पण मधले एक वर्ष गेले ते गेलेच. आणि वहिनी अजून कधी कधी त्याच्या डब्याकडे पाहतात.

म्हणून या खेपेस दांडिया बाजारातील त्या घरी आम्ही नुसते 'खुशाल डिप्लोमा करू द्या' असे म्हटले नाही. डिप्लोमा करावयाचाच, पण पुढे पदवी घ्यावयाची असेल तर ती पहिल्याच दिवशी ठरवून करावा. ज्या विद्यापीठात जाण्याची इच्छा आहे त्याच्या पहिल्या व दुसऱ्या वर्षाचा गणिताचा अभ्यासक्रम आणि गेल्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका डिप्लोमाच्या पहिल्या सत्रातच आणून ठेवाव्यात. तेव्हा त्यांतील काही कळणार नाही, न कळो. आपण कोठे निघालो आहोत हे भिंतीवर टांगलेले असावे. पहिल्या वर्षाचे गणित केवळ पास होण्यापुरते करू नये. त्रिकोणमिती, विकलन, संकलन आणि मॅट्रिक्स हे चार भाग असे पक्के व्हावेत की, रात्री झोपेतून उठवून विचारले तरी यावेत.

आणि मग ती मधली दोन वर्षे. शाळेत नाही, परीक्षेत नाही, कोणी विचारणार नाही, अशा काळात रोज अर्धा तास गणित करावे, हे सांगणे सोपे आणि करणे किती अवघड याची आम्हांस कल्पना आहे. पण सारी वाट येथेच जिंकली किंवा हरली जाते. दुसऱ्या वर्षी जुने चार भाग फिरवीत राहावे. तिसऱ्या वर्षी पदवीच्या पहिल्या वर्षाचे ग्रेवाल किंवा तत्सम जाडजूड पुस्तक जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणून त्यातील आंशिक विकलन आणि साधी विकलक समीकरणे हाती घ्यावीत, आठवड्यास चार-पाच उदाहरणे, अधिक नकोत. शेवटची परीक्षा झाल्यापासून प्रवेश होईपर्यंतच्या सुटीत लाप्लासची पहिली दोन प्रकरणे वाचून ठेवावीत. कारण प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या तर विद्यार्थी वर्गात पोहोचेपर्यंत सत्राचे काही आठवडे उलटून गेलेले असतात, आणि गेलेले तास कोणी पुन्हा घेत नाही. तंत्रशिक्षण परिषदेने अशा विद्यार्थ्यांसाठी गणितासारख्या विषयांचे जोडवर्ग घ्यावेत असे सुचविलेले आहे. वर्ग भरला तर पहिल्या बाकावर बसावे; न भरला तर चार मुलांनी मिळून कोणाच्या तरी ओसरीवर भरवावा.

एक गोष्ट मात्र आता विद्यार्थ्याच्या बाजूने झाली आहे, जरी विद्यार्थ्यांना ती संकटासारखी वाटते. पूर्वी गुजरातेत डी टू डी चा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होत असे. २०२४ साली त्यासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा सुरू झाली. तीत विज्ञानाची मूलतत्त्वे, गणित आणि भाषा विचारतात. म्हणजे जे विषय डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी संपले असे मुलांना वाटत होते तेच तीन वर्षांनी दारात उभे राहतात. परीक्षा आणखी एक वाढली म्हणून पालक कुरकुरतात. आमच्या पुतण्याच्या वेळी ती असती तर त्याच्या दोन गुणपत्रिका स्वेटरच्या घडीत गेल्या नसत्या, असे आम्हांला वाटते. प्रवेशाचे नियम, कोणत्या शाखेतून कोणत्या शाखेत जाता येते, दाखले कोणते, हे तपशील वर्षावर्षाला बदलतात. त्या वर्षाची पुस्तिका पाहावी, शेजाऱ्याच्या मुलाच्या वेळचे नियम पाहू नयेत.

हे सर्व चालले असताना सूनबाईंनी एक निराळाच धागा काढला. त्यांची मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिचा मुलगा यंदा विद्यापीठात न जाता घराजवळच्या काउंटी कॉलेजात दाखल झाला, आणि रावपुऱ्यातील त्याच्या आजींनी फोनवर विचारले, "का गं, युनिव्हर्सिटीत नाही का मिळालं?" सात समुद्र ओलांडले तरी प्रश्न तोच! वस्तुतः तिकडे ही रीत शतकाहून जुनी आहे. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अशा पहिल्या सार्वजनिक कॉलेजाचा आरंभ झाला. दोन वर्षे कमी खर्चात घरी राहून शिकायचे आणि मग विद्यापीठात तिसऱ्या वर्षी जायचे. न्यू जर्सीत तर २००७ साली कायदाच झाला की, काउंटी कॉलेजात ठराविक दोन वर्षांची पदवी घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे श्रेयांक राज्याच्या विद्यापीठांनी मानून घ्यावेत.

तथापि सूनबाईंच्या बहिणीने जे लिहिले होते ते आम्हांला अधिक बोधप्रद वाटले. श्रेयांक मानले गेले तरी अभियांत्रिकीत तेवढ्याने भागत नाही. तेथे कॅल्क्युलसचे तीन भाग, मग विकलक समीकरणे, आणि कॅल्क्युलसवर आधारलेले पदार्थविज्ञान अशी साखळी असते. पहिली कडी झाल्याशिवाय दुसरी मिळत नाही. मुलगा पहिल्या सत्रात कॅल्क्युलसच्या आधीच्या तयारीच्या वर्गात पडला तर साखळी एक सत्र मागे सरकते, आणि दोन वर्षांचे अडीच वर्ष होते. म्हणून त्या माउलीने मुलाच्या चार सत्रांचा तक्ता प्रवेशाआधीच करून फ्रिजवर चिकटवला आहे; उजव्या टोकाला विद्यापीठाचे नाव, आणि तेथून डावीकडे उलट मोजीत एकेक विषय. आपल्याकडेही २०२१ पासून श्रेयांकांची बँक निघाली आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु बँकेत श्रेयांक राहतात. खंडशः संकलन डोक्यातच ठेवावे लागते.

मग चिरंजीवांनी खरा प्रश्न विचारला, जो अशा प्रत्येक घरी शेवटी येतो. डिप्लोमाच्या अखेरच्या सत्रात कारखाने मुलांना घेऊन जातात. हाती पगार येऊ लागला की मुलगा पुन्हा पुस्तकाकडे वळेल का? आणि वळू नये अशी घराची गरज असेल तर? यावर आमच्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही नाही. नोकरी करीत पुढे शिकण्याची एक वाट आपल्या पिढीस ठाऊक होती, ती म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ए.एम.आय.ई. ही परीक्षा. बडोद्याच्या कारखान्यांतून कितीतरी डिप्लोमावाले पाळी संपवून रात्री तिचा अभ्यास करीत. ती वाट आता तशी राहिलेली नाही. ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी झालेल्यांनाच तिची पदवीशी बरोबरी मान्य आहे.

ए.एम.आय.ई. हे नाव निघाले आणि इतका वेळ मुके बसलेले आजोबा बोलले.

"मी दिली होती सेक्शन ए. बाकीचे विषय सुटले. गणित राहिलं. तीनदा बसलो."

घरात कोणालाच हे माहीत नव्हते. आजींनाही नाही. त्या म्हणाल्या, "कधी?"

"हा पाळण्यात होता तेव्हा," आजोबांनी चिरंजीवांकडे बोट दाखविले. "रात्रपाळी आहे म्हणून सांगायचो. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसायचो. एकट्याने नाही जमलं." थोड्या वेळाने म्हणाले, "शिकवायला कोणी नव्हतं."

कोणी काही बोलले नाही. नातवाने पंख्याची जाळी बसवली, वाटीतला शेवटचा स्क्रू घट्ट केला आणि बटण दाबले. पंखा चालू झाला. थोडा खडखडत होता, पण वारा येत होता.

डिप्लोमाचे ठरले. अर्ज भरून झाला आहे. नातवाने विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम झेरॉक्स करून आणला आहे, आणि आजोबांनी त्यातील गणिताचे पान वेगळे काढून आपल्या चष्म्याच्या घराखाली ठेवले आहे, असे कळते. आमच्या पुतण्याला आम्ही फोन केला तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही जाऊ नका, मी जातो." तो रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांच्याकडे जाणार आहे. गुणपत्रिका दोन्ही बरोबर नेतो म्हणाला. आजींनी निरोप पाठविला आहे की, पोहे त्यांच्याकडेच खावेत.